दार लागलं, विमान हलेना

"एटीसीच्या परवानगीची वाट पाहतोय, कृपया जागेवर बसून राहा." ही घोषणा (एटीसी म्हणजे विमानांची ये-जा सांभाळणारा नियंत्रण कक्ष) तिसऱ्यांदा झाली की विमानात कुजबुज सुरू होते. मागच्या रांगेतलं पोर रडायला लागतं, पुढचे काका उठून "दार तरी उघडा हो" म्हणतात आणि केबिन क्रू ठरलेलं हसू हसतो. विमानाचं दार एसटीच्या दारासारखं असतं तर त्यांनी केव्हाच उघडलं असतं. ते का उघडत नाहीत आणि आपण कोणत्या वेळी उघडायला सांगू शकतो, एवढं कळलं तरी पुष्कळ चिडचिड वाचते.

आपल्याकडची नेहमीची केस घ्या. महिना जानेवारीचा. सोलापुरातून रात्री निघून अडीचशे किलोमीटरवरचं पुणे गाठलं, लोहगावहून दिल्लीचं विमान. पुण्यात लख्ख ऊन पडलेलं. विमानात बसवलं, दार लावलं आणि विमान जागचं हलेना. "आभाळ तर स्वच्छ आहे, हवामानाचं कारण कसलं सांगताय?" हा प्रश्न ठरलेला. कारण इथे नाही, दिल्लीत आहे.

धुक्यात धावपट्टीवर किती अंतरापर्यंत दिसतं ते मोजणारी उपकरणं धावपट्टीच्या कडेलाच असतात. त्या आकड्याला आरव्हीआर म्हणतात. विमानतळावर कॅट थ्री-बीची, म्हणजे दाट धुक्यात विमान उतरवण्याची सोय, विमानात तशी यंत्रणा आणि तसं प्रशिक्षण घेतलेले पायलट, असं तिन्ही जुळलं तर ५० मीटर आरव्हीआर असतानाही उतरता येतं. उड्डाणाला मात्र साधारण १२५ मीटर लागतात. ऐकायला उलटं वाटतं, पण उतरताना बरंचसं काम ऑटोपायलट करतो. उड्डाणाच्या वेळी पायलटला धावपट्टीची मधली रेघ स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी लागते. आता आकडा ५० आणि १२५ च्या मधे अडकला की काय होतं बघा. दिल्लीत विमानं उतरत राहतात, निघत मात्र नाहीत. विमान उभं करायच्या जागा, म्हणजे बे, भरत जातात. उतरलेली विमानंही मग टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टी आणि बे जोडणाऱ्या रस्त्यावर, ताटकळतात, कारण त्यांच्या बेवर दुसरंच विमान बसलेलं असतं. म्हणून दिल्लीकडे येणाऱ्यांना सुटायच्या ठिकाणीच रोखून धरतात आणि प्रत्येकाला उड्डाणाची वेळ ठरवून देतात. हाच तो स्लॉट. हवेत घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा पुण्यात उभं राहिलेलं केव्हाही परवडतं.

मग लोकांना टर्मिनलमध्येच का बसू देत नाहीत? कारण स्लॉट मागे जातो तसा अचानक पुढेही येतो. १८० माणसं चढवायला अर्धा तास सहज जातो. तयार नसलेल्या विमानाचा नंबर हुकतो आणि ते पुन्हा रांगेच्या शेपटाला. शिवाय लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, नागरी विमानांना उभं राहायला जागा मोजकीच. मागचं विमान उतरून बे मागत असेल तर तुमचं विमान भरून बाजूला काढणं हाच कंपनीला सोयीचा मार्ग वाटतो. तुमच्या सोयीचा असेलच असं नाही.

दार पुन्हा उघडलं की नेमकं काय मोडतं ते सांगतो. समजा, एकच प्रवासी उतरतो म्हणाला. त्याची चेक-इन बॅग विमानात ठेवून विमान उडू शकत नाही, हा सुरक्षेचा नियम. म्हणजे लोडर बोलवायचे, बॅगांच्या ढिगातून टॅग नंबर शोधून ती एक बॅग खाली काढायची. त्याच्या जागेच्या आसपास काही मागे राहिलं नाही ना, हे तपासायचं. डोकी पुन्हा मोजायची. वजनाचा कागद, म्हणजे लोडशीट, दुरुस्त करायचं. यात वीस मिनिटं गेली तर नशीब, चाळीस गेली तर स्लॉट गेला. आणि एक उतरला की आणखी चौघांना उतरावंसं वाटतं. उतरायचंच असेल तर पुशबॅकच्या, म्हणजे विमान बेवरून मागे ढकलण्याच्या आधी, पहिल्या अर्ध्या तासातच सांगा. विमान टॅक्सीवेवर गेल्यावर तिथे ना शिडी, ना बस. परत बेवर यायचं तर आधी बे मोकळा हवा.

क्रूच्या ड्यूटीचं घड्याळ हा दुसरा अडसर, आणि याबद्दल प्रवाशांना कोणी सांगत नाही. पायलटची ड्यूटी चाकं उचलल्यापासून मोजत नाहीत, तो हजर झाल्यापासून मोजतात. तुमच्यासोबत बसून काढलेले तीन तास त्याच्या ड्यूटीतूनच वजा होतात. पुणे ते दिल्ली दोन तासांची उडी. तेवढं शिल्लक उरलं नाही तर स्लॉट मिळूनही विमान निघत नाही, नवा क्रू लागतो. संध्याकाळच्या विमानांचं हे फार होतं, कारण तोच क्रू सकाळपासून दोन-तीन फेऱ्या मारून आलेला असतो.

तिसरं इंधन. शेपटीत बसवलेलं छोटं इंजिन, एपीयू, वीज आणि एसी पुरवतं. ए३२० सारख्या विमानात ते तासाला शंभर-सव्वाशे किलो इंधन खातं. मुख्य इंजिनं चालू ठेवून रांगेत सरकत राहिलं तर मिनिटाला दहा-बारा किलो जातं. उड्डाणाच्या क्षणी टाकीत किती हवं याचा किमान आकडा ठरलेला असतो. त्याच्या खाली गेलं की रांग सोडून परत बेवर, टँकरची वाट, पुन्हा नवा नंबर. प्रवासी आत असताना इंधन भरलं जातं तेव्हा "पट्टे सोडून ठेवा" असं सांगतात. लोक हसतात, पण पेट घेतलाच तर सगळ्यांना झटकन बाहेर पडता यावं म्हणून ते आहे. त्या वेळी पॅसेजमध्ये बॅग काढून उभं राहू नका.

पावसाळ्यात मात्र खरा खोडा घालते वीज. विमान उतरलेलं असतं, बेवर उभं असतं, खिडकीतून टर्मिनल दिसतं, तरीही दार उघडत नाही. विमानतळाजवळ विजा पडत असतील तर अॅप्रनवरच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारातल्या सगळ्या माणसांना आत बोलावतात. शिडी लावणारा, बस चालवणारा, बॅगा उतरवणारा, इंधन भरणारा, कोणीच बाहेर नाही. इशारा उठेपर्यंत कॅप्टनच्या हातात काहीही नसतं. इथे क्रूशी वाद घालणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं.

आता घरचं बघू. सोलापूरचं विमान अडवायला एके काळी साखर कारखान्याची चिमणी पुरेशी होती; ती जून २०२३ मध्ये पाडली आणि जून २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची सेवा सुरू झाली, ऑक्टोबरात मुंबईची. गोव्याच्या मार्गावर आलं ते एटीआर, पंख्याचं विमान. त्याची एक खोड माहीत असावी. एटीआरला एपीयू नसतो. त्याऐवजी उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन तेवढं चालू ठेवतात; याला हॉटेल मोड म्हणतात. एसीला लागणारी दाबाची हवा त्या इंजिनातून येते. खाली उभ्या जनरेटरच्या गाडीने वीज मिळते, दिवे लागतात, पण गारवा मिळत नाही. मागून जोराचा वारा असला तर इंजिनाची गरम हवा उलटी येते, म्हणून हॉटेल मोडवर मर्यादा येतात. एप्रिल-मेच्या सोलापुरी दुपारी, पारा ४२ वर असताना, इंजिन बंद ठेवलेल्या एटीआरमध्ये अर्धा तास म्हणजे बंद मोटारीत बसल्यासारखंच. अशा वेळी "एसी लावा" म्हणून उपयोग नाही. "इंजिन चालू होणार नसेल तर मागचं दार उघडं ठेवा किंवा आम्हाला खाली उतरवा" हे बोला. एटीआरची शिडी दारातच असते, त्यामुळे ही मागणी जागेवर पुरी होण्यासारखी आहे.

वळवलेल्या विमानाची गत सगळ्यात वाईट. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं, आणि वैतागलेले प्रवासी खाली उतरून अॅप्रनवरच जेवायला बसले. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यावर दंडही झाले. त्यानंतर मार्च २०२४ अखेर विमान सुरक्षा ब्युरोने वाट मोकळी केली: बोर्डिंगनंतर फार उशीर झाला तर प्रवाशांना उतरवून विमानतळाच्या प्रस्थान दारातूनच बाहेर सोडता येतं. कंपनी "एकदा आत आलात की बाहेर जाता येत नाही" म्हणाली तर ते आता खरं नाही. आंतरराष्ट्रीय विमान इमिग्रेशन-कस्टमची सोय नसलेल्या विमानतळावर वळलं तर मात्र आतच बसावं लागतं, तिथे इलाज नाही. अमेरिकेत देशांतर्गत विमानांसाठी २०१० पासून ३ तासांची मर्यादा आणि २ तासांच्या आत खाणं-पाणी, असे सरळ आकडे आहेत. नियम असा आकड्यात असला की भांडायला बरं पडतं.

आपल्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमातले आकडे असे. अडीच तासांपर्यंतच्या विमानाला २ तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर खाणं-पिणं मोफत. त्याहून लांबच्या, पाच तासांपर्यंतच्या विमानाला ही मर्यादा ३ तास. ६ तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची. रात्री ८ ते पहाटे ३ मधे सुटणारं विमान ६ तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल. हवामानाच्या कारणाने रोख भरपाई मिळत नाही, पण खाण्यापिण्याची जबाबदारी त्यामुळे सुटत नाही. हा फरक काउंटरवर मुद्दाम गुंडाळून सांगतात.

क्रूला "कधी निघणार?" विचारलं तर उत्तर येतं "लवकरच". त्याऐवजी विचारा: स्लॉटची वेळ मिळाली आहे का? क्रूची ड्यूटी किती वाजेपर्यंत आहे? परत बेवर जायचं ठरलं तर बे आहे का? या तीन उत्तरांवरून आणखी वीस मिनिटं बसायचं की चार तास, याचा अंदाज येतो.

हँडबॅगेत कडक भाकरी ठेवा. सोलापूरकराला हे शिकवायला नको. आठवडाभर टिकते, चुरा झाला तरी खाता येतो. शेंगाचटणी मात्र पुडीत सुटी नेऊ नका. मिरचीपूड केबिनमध्ये चालत नाही आणि तपासणीवाला चटणी आणि पूड यात फरक करत बसत नाही. भाकरीला लावूनच न्या. रिकामी बाटली तपासणीनंतर भरून घ्या. फोन गेटवरच पूर्ण चार्ज करा, कारण विमानात पॉवरबँक लावू देत नाहीत. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या डोसबाबत एक पाळावं: जेवण प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय सुई टोचायची नाही. "दहा मिनिटांत सर्व्हिस सुरू होईल" या घोषणेवर विसंबून डोस घेतला आणि तेवढ्यात विमान पुढे सरकायला लागलं, तर ट्रॉली तासभर जागची हलत नाही. पाय सुजत असतील तर टाचा-चवडे आळीपाळीने उचलत राहा. सीटबेल्टचा दिवा विझला की लगेच टॉयलेटला जाऊन या. नंबर आल्यावर कोणी आत असेल तर विमान हलू शकत नाही.

परतीला पुण्यात उशिरा उतरलात आणि हुतात्मा, वंदे भारत या दोन्ही गाड्या गेल्या, तर मध्यरात्रीनंतर सिद्धेश्वर एक्स्प्रेस पुण्यावरून जाते आणि सकाळी सोलापुरात सोडते. विमानात अडकलेले असतानाच तिचं तिकीट बघून ठेवा.