डबी गेली, तबकडी राहिली

जुना डीव्हीडी प्लेअर देऊन टाकायचा, हे आमच्याकडे ठरून तीन वर्षं झाली होती. टीव्हीखालच्या कप्प्यात तो पडून होता आणि त्याच्या पाठीवर दोन मेलेले रिमोट, एक चार्जर आणि कसल्याशा वॉरंटीचे कागद सुखाने नांदत होते. परवा एकदाचा बाहेर काढला. देण्याआधी चालतो तरी का ते बघावं म्हणून वायर लावली आणि बटण दाबलं. आतून घर्र आवाज आला, थांबला, पुन्हा आला, आणि जीभ दाखवावी तसा ट्रे बाहेर आला. ट्रेवर एक तबकडी होती.

मधल्या भोकाभोवती गोल स्टिकर. त्यावर पेनाने लिहिलेला नंबर आणि खाली छापलेलं, ‘वेळेवर परत करावी’.

नवऱ्याला हाक मारली. तो आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “बापरे. मग मी त्या दिवशी परत काय केलं?”

डबी. रिकामी डबी परत केली होती त्याने. मला एकेक आठवायला लागलं. सिनेमा दोन रात्रींसाठी आणला होता. पहिली रात्र अशीच गेली. दुसऱ्या रात्री उशिरा लावला आणि अर्ध्यावर दोघंही आडवे झालो. सकाळी दंड नको म्हणून ह्याने कामावर जाता जाता डबी उचलली आणि काउंटरवर ठेवून पुढे गेला. काउंटरवरच्या माणसानेही ती उघडून बघितली नाही. नंतर कधीतरी कुणीतरी तीच डबी निवडून घरी नेली असणार, सगळे गोळा झाले असणार, दिवे मालवले असणार, आणि मग डबी उघडली असणार. त्या अनोळखी घराची मी मनातल्या मनात माफी मागितली. मागायलाच हवी होती, कारण आमच्या नशिबीही एकदा हे आलं होतं. विनोदी सिनेमाच्या डबीत कंबरदुखीवरच्या व्यायामांची डीव्हीडी निघाली. आम्ही ती वीस मिनिटं बघितली. पुढे काहीतरी विनोदी घडेल अशी आशा होती.

भाड्याच्या सिनेमाचं एक होतं, आणला की तो बघावाच लागायचा. निवडायचं काम दुकानात, उभ्याने, डबीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत झालेलं असायचं. भांडणही तिथेच, दबक्या आवाजात, कारण शेजारी दुसरं कुणीतरी त्याच कप्प्याकडे डोळे लावून असायचं. घरी आल्यावर वादाला जागा नव्हती. संध्याकाळी ठरवलेलं रात्री पाळायचं. सिनेमा कितीही रटाळ निघाला तरी पाय मोडत जाऊन आणलेला असायचा आणि परवा परत द्यायचा असायचा. असे किती तरी रटाळ सिनेमे मी शेवटपर्यंत बघितलेत. त्यातले काही शेवटच्या वीस मिनिटांत असे उठले की बघत राहावं. आता तसलं काही माझ्या वाट्याला येत नाही, कारण सातव्या मिनिटाला मी बाहेर पडलेली असते.

बाहेर पडून जाते कुठे, तर परत इंटरनेटवरच्या सिनेमांच्या यादीत. पोस्टरांच्या आडव्या रांगा डावीकडून उजवीकडे सरकवायच्या, मग खाली, मग पुन्हा डावीकडून उजवीकडे. एखाद्या चित्रावर अंमळ जास्त थांबलं की ते आपणहून बोलायला लागतं. नवरा म्हणतो हा लाव, मी म्हणते हा पाहिलाय, तो म्हणतो कधी, आणि सिनेमा राहतो बाजूला. अकरा वाजले की आम्ही आधी दोनदा पाहिलेलं काहीतरी लावतो आणि त्यातलंही अर्धंच बघतो. शिवाय ‘नंतर बघू’ म्हणून साठवलेली वेगळी यादी आहेच. परवा मोजले, त्यात १३७ सिनेमे निघाले. त्यातले आम्ही किती पाहिले असतील? जे पाहिले ते बहुतेक एकाच कारणाने पाहिले. पोस्टरवर अचानक पट्टी आली, ‘शेवटचा दिवस’. ती पट्टी दिसली की आम्ही शहाण्या मुलांसारखे साडेआठला बसतो आणि नावं वर सरकेपर्यंत हलत नाही.

म्हणजे परतीची तारीख गेलेली नाहीच. पूर्वी ती आमच्या पावतीवर असायची, आता सिनेमा दाखवणाऱ्या कंपन्यांच्या करारात असते.

तारखेचा हा जाच किती मोठा धंदा होता ते अमेरिकेतल्या, सिनेमे भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टरकडे बघून कळतं. २००४च्या सुमाराला जगभरात नऊ हजारांच्या आसपास दुकानं असलेली ही साखळी. उशिराचा दंड हा त्यांच्या कमाईचा चांगला जाडजूड भाग होता आणि गिऱ्हाईकांचा सगळ्यात मोठा राग त्याच्यावर होता. २००५च्या सुरुवातीला त्यांनी गाजावाजा करून जाहीर केलं की आता लेट फी नाही. बारीक अक्षरात असं होतं की तारीख उलटून आठवडा झाला की तबकडी तुम्ही विकत घेतली असं समजून तिची किंमत तुमच्या नावावर पडेल. राज्याराज्यांचे सरकारी वकील मागे लागले तेव्हा खुलासे आणि भरपाई करावी लागली. २०१०मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आता त्या नावाचं एकच दुकान उरलंय, ऑरेगन राज्यातल्या बेंड या गावात, आणि लोक तिथे देवदर्शनाला जावं तसे फोटो काढायला जातात.

नेटफ्लिक्सची जन्मकथाही दंडाचीच सांगतात. सिनेमा परत करायला उशीर झाला, रीड हेस्टिंग्जना चाळीस डॉलर दंड बसला आणि त्या रागातून कंपनी निघाली. दुसरे संस्थापक मार्क रँडॉल्फ यांनी पुढे सांगून टाकलं की ती गोष्ट सोयीची आहे, घडलं तसं नव्हतं. मला मात्र ती खोटी असूनही पटते, कारण दंड भरून घरी येताना आपल्याही डोक्यात एखादी कंपनी निघतच असते. खरी गोष्ट अशी की तबकडी पातळ आणि हलकी असल्याने साध्या टपालाने जाऊ शकते, हे त्यांनी हेरलं. १९९८मध्ये टपालाने तबकड्या पाठवायला सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी महिन्याची वर्गणी आली. त्या वर्गणीत परतीची तारीखच नव्हती. हवे तितके दिवस ठेवा, फक्त आधीची पाठवल्याशिवाय पुढची येणार नाही. माणसाचा आळस ओळखून केलेली याहून सभ्य व्यवस्था मला ठाऊक नाही. इंटरनेटवरून थेट सिनेमा दाखवणं २००७मध्ये सुरू झालं, आणि २९ सप्टेंबर २०२३ला त्यांनी शेवटची तबकडी टपालात टाकली. तोवर पाच अब्जांहून जास्त पाठवून झाल्या होत्या. जाता जाता सांगितलं की शेवटच्या तबकड्या ठेवून घ्या, परत नाही केल्या तरी पैसे लागणार नाहीत.

हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. “बघ,” तो म्हणाला, “त्यांनी सोडून दिल्या. आपण चोर नाही.” आपलं दुकान वेगळं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. ते दुकान बंद होऊनही आता जमाना झाला.

हातात तबकडी होती तरी आधी तोच सिनेमा टीव्हीवर शोधला. सवयच ती. आम्ही पैसे भरतो त्या एकाही ठिकाणी तो नव्हता. एका जागी नाव होतं, पोस्टर होतं, आणि खाली ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’. अब्जावधींची कंपनी, आणि तिच्याकडे जे नाही ते एका बंद पडलेल्या दुकानाच्या कप्प्यात होतं. (सध्या आमच्या कप्प्यात.)

ह्याचं कारण मजेशीर आहे आणि ते तंत्रज्ञानात सापडत नाही. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका पुस्तकाचा खटला आला. प्रकाशकाने पुस्तकातच छापलं होतं की हे एक डॉलरहून कमी किमतीला विकाल तर तो हक्कभंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. प्रकाशक हरला. न्यायालयाचं म्हणणं असं की प्रत एकदा विकलीत, तुमचे पैसे तुम्हाला मिळाले, आता त्या प्रतीचं पुढे काय करायचं ते घेणारा ठरवील. तेच तत्त्व पुढे सिनेमाच्या कॅसेटला आणि तबकडीला लागू पडलं. दुकानदाराने एक प्रत विकत घ्यायची आणि ती शंभर घरी फिरवायची, स्टुडिओची परवानगी मागायची गरज नाही. स्टुडिओंना हे रुचलं नव्हतं. १९८०च्या दशकात त्यांनी कायदा बदलून घ्यायची खटपट केली. संगीतवाल्यांना ते साधलं, १९८४पासून तिथे परवानगीशिवाय गाण्यांच्या रेकॉर्डी भाड्याने देता येईनाशा झाल्या. सिनेमावाल्यांना साधलं नाही, म्हणून ती सगळी दुकानं जगली.

इंटरनेटवर मुळात प्रत विकलीच जात नाही, दाखवायची परवानगी दिली जाते. एकेका सिनेमाची, एकेका देशापुरती, ठरावीक मुदतीची. मुदत संपली आणि पुन्हा सौदा जमला नाही की सिनेमा गेला. ‘विकत घ्या’ असं लिहिलेल्या बटणाचीही गत तीच. कॅलिफोर्नियाने २०२५पासून कायदाच केलाय की असं विकताना, तुम्हाला मिळतोय तो परवाना आहे, हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा. दुकानदार मालक होता आणि मी भाडेकरू. आता सेवा स्वतःच कुणाची तरी भाडेकरू आहे आणि मी पोटभाडेकरू.

तर तबकडी लावली. दुसऱ्याच मिनिटाला चित्राचे चौकोन झाले. काढून उजेडात धरली तर खालच्या अंगाला ओरखडे. मी ओढणीने गोल गोल पुसायला लागले तसा नवरा ओरडला, “गोल नाही! मधून बाहेर, सरळ!” वर्षानुवर्षं आम्ही चुकीचं पुसत आलो होतो म्हणे. माहिती गोल फेऱ्यांनी लिहिलेली असते, दोन फेऱ्यांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीचा इवलासा तुकडा खातो, आणि तेवढं प्लेअर हिशोबाने भरून काढतो. गोल ओरखडा गेला तर एकाच फेरीचा सलग मोठा तुकडा जातो, तिथे हिशोब संपतो. तबकडी १.२ मिलिमीटर जाड, तीही ०.६च्या दोन पापुद्र्यांची, माहिती त्या दोघांच्या मधे दडवलेली. इतकी काळजी घेऊन बनवलेल्या वस्तूला आम्ही ओढणी, फुंकर आणि प्रसंगी थुंकी लावत होतो.

सरळ पुसली, चालली. आधी न टाळता येणारा इशारा, कॉपी करू नका. मग मेन्यू, मागे बारा सेकंदांचं संगीत पुन्हा पुन्हा. चित्र आठवत होतं त्याहून मऊ, धूसर. नवऱ्याने लगेच हिशोब मांडला की डीव्हीडी सेकंदाला दहा मेगाबिटपर्यंत माहिती खर्च करते, आणि इंटरनेटवरचा सिनेमा त्याच्या निम्म्यात याच्याहून स्वच्छ दिसतो, कारण आताची दाबून भरायची पद्धत सुधारली आहे. तुलना करायची तर फोर-के तबकडीशी करावी, तिच्यापुढे इंटरनेट अजून मान खाली घालतं, विशेषतः अंधारातल्या दृश्यांत. मी म्हटलं, बरं.

सिनेमा मध्यावर आला. नायिका पायऱ्या चढत होती, हात कठड्यावर, आणि ती तशीच थांबली. अर्धा सेकंद, फार तर एक. मग पुढे चढली. मला एकदम आठवलं, हे असंच व्हायचं! साडेआठ जीबीच्या तबकडीत दोन थर असतात. वाचणारा किरण आतून बाहेर जात पहिला थर संपवतो, कडेला पोचतो, नजर जुळवून दुसऱ्या थरावर जातो आणि बाहेरून आत परत यायला लागतो. किरणाने नजर जुळवेपर्यंत नायिका एका पायावर थांबते. तेव्हा आम्ही त्याला ‘अटकलं’ म्हणायचो आणि दोघंही दचकून रिमोट शोधायचो. इंटरनेटवर अटकतं तेव्हा चाक फिरतं आणि राग येतो. ह्यावेळी राग आला नाही. नायिका दम खायला थांबली असं वाटलं.

पायऱ्यांनंतर लांबलचक जेवणाचा प्रसंग आहे. त्यात बोलणं फार. मी डोळे उघडले तेव्हा मेन्यूचं संगीत वाजत होतं, बारा सेकंद, पुन्हा बारा सेकंद, आणि नवरा तोंड उघडं टाकून झोपला होता. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही झोपलो तेही ह्याच जेवणापाशी, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

“उरलेला उद्या बघू,” तो उठून म्हणाला.

त्याला आता तीन आठवडे झाले. प्लेअर पुन्हा टीव्हीखाली गेलाय, तबकडी आत आहे, आणि पाठीवर चार्जर परत आलाय.