घड्याळ नेमके किती चुकले?

आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाची संहिता माझ्या ताब्यात असते. तालमीत बदललेली वाक्ये मी रात्री संगणकावर उतरवतो. गेल्या ऑक्टोबरात मी जुनीच प्रत छापून तालमीला नेली आणि दुसऱ्या अंकात सगळ्यांची फेफे उडाली. तारखेप्रमाणे लावलेल्या फायलींत नवी प्रत तळाशी गेली होती, कारण संगणकाच्या लेखी ती कित्येक वर्षांपूर्वीची होती.

डिचोलीत त्या दिवसांत संध्याकाळी गडगडायला लागले की आम्ही प्लग काढून ठेवतो. सकाळी संगणक सुरू केला की १ जानेवारी, रात्रीचे बारा! साइटही उघडेनात, कारण त्यांची सुरक्षा प्रमाणपत्रे त्या तारखेला अस्तित्वातच नव्हती. इंटरनेटवरून वेळ आपोआप सुधारेल म्हणून वाट पाहिली, पण फरक १५ तासांहून जास्त असेल तर विंडोज स्वतःहून हात लावत नाही. तारीख हाताने घालावी लागली.

प्लग जोडलेला राहिला त्या दिवशी मात्र वेळ बरोबर असायची. तिथेच मला धागा सापडला. संगणक बंद असला तरी प्लग चालू असेल तोवर मदरबोर्डवरचे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट पाटीवरचे घड्याळ पॉवर सप्लायवर चालते. प्लग निघाला की सगळी भिस्त एका सेलवर. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यासारखा. माझा मल्टिमीटरवर २.३ दाखवत होता. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो तेव्हा नवा आणला, प्लग काढून, अधिक खुणेची बाजू वर ठेवून बसवला आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, वेळ लावली.

दोन दिवसांनी पुन्हा वेळ चुकली. सेलच खराब निघाला असे वाटून मी दुकानात परत जायला निघालो होतो. मुलाला फोन केला. त्याने अभ्यासासाठी याच संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी प्रणालीही घातली आहे.

“बाबा, नेमका फरक किती आहे?”

“साडेपाच तास मागे.”

“मग सेल ठीक आहे.”

भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. लिनक्स मदरबोर्डवर जागतिक वेळ लिहून ठेवते, विंडोज तीच स्थानिक समजून वाचते. आदल्या रात्री त्याने लिनक्स वापरले होते. लिनक्सलाही स्थानिक वेळ ठेवायला सांगता येते, पण आम्ही विंडोजची सेटिंग बदलली: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, टाइमझोनइन्फर्मेशनमध्ये रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड (अंकी) नोंद, किंमत १. मग दोन्ही प्रणाली आलटून पालटून चार वेळा सुरू केल्या, एकदा रात्रभर प्लग काढूनही पाहिले. वेळ मिनिटाला मिनिट जुळली.

संहितेच्या प्रती उघडून, वाक्य न् वाक्य ताडून क्रम लावायला मात्र दोन रात्री गेल्या. आता फाइलच्या नावातच तालमीची तारीख घालतो.