आमच्या हौदातली कर्दळ

रविवारी सकाळी सात-साडेसातला मोबाईल घेऊन हौदाशेजारी उकिडवं बसलो होतो, तर आई म्हणाली, काय करायलास रे, पाण्यात काय पडलं का. पडलं काहीच नव्हतं, कर्दळीचा फोटो काढायलो होतो, म्हणजे पाण्यात दिसणाऱ्या कर्दळीचा.

डोक्यात मोने, फ्रेंच चित्रकार. हा माणूस १८८३ ला फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात राहायला गेला, दहा वर्षांनी शेजारची जागा घेऊन तळं केलं, लिली लावल्या आणि त्या लिलींची अडीचेकशे चित्रं काढली. आमचं लातूर म्हणजे २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव, इथं कशाचं तळं अन् कशाची लिली. सिमेंटचा हौद आणि काठाला आईची लाल-पिवळी कर्दळ, तेवढंच.

आधी नेटवर सांगतात तसं केलं, शटर स्लो ठेवायचं, म्हणजे ते जास्त वेळ उघडं राहतं, आणि क्लिक करताना फोन वर-खाली फिरवायचा, म्हणे पेंटिंगसारखं येतं. आला हिरवा चिखल. त्यात आपलं ऊन, नऊ वाजले की स्लो शटरला फोटो पांढराफटक, मग लेन्ससमोर गॉगलची काच धरून बघितली (हसू नका), तर सगळं काळपट.

जमलं ते चुकून. आईनं हौदात बादली बुचकळली, पाणी हललं आणि कर्दळीचं लाल तुटून त्याचे आडवे आडवे फटकारे झाले, मधून आभाळाचं निळं, अगदी ब्रशनं ओढल्यासारखं. फोन कठड्यावर टेकवलेला होता. म्हणजे फोन हलवायचाच नाही, पाण्याला हलू द्यायचं! फक्त लाटा जरा निवल्यावर क्लिक करायचं, घाई केली की परत चिखल.

आता रोज तोच हौद, सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला. मोनेनं १८९०-९१ त शेतातल्या गंजींची, आपण बनीम म्हणतो तसल्या, पंचवीसेक चित्रं केली, ऊन बदललं की कॅनव्हास बदलायचा. माझं मेमरी कार्ड भरत आलंय.

त्यातला एक बरा फोटो आईला दाखवला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालंय. बघून म्हणाली, "आधी मला असंच तर दिसायचं." मी म्हणालो, मोनेलाही मोतीबिंदू होता, १९२३ ला ऑपरेशन झालं त्याचं.

"ड्रॉप टाकायचा का वेळेवर?"