सामान सांभाळायला कुणीच नको

"पोहता येतं का?" क्रूझ बोटीवर शोअर एक्स्कर्शनच्या, म्हणजे बंदरावर उतरून करायच्या सहलींच्या, काउंटरवरच्या मुलाने आधी माझ्या नवऱ्याला विचारलं, मग मला. सासूबाईंना त्याने विचारलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "त्या बीचवर आरामात बसतील, तुमचं सामानही सांभाळलं जाईल." आई शेजारीच उभ्या होत्या आणि त्यांना इंग्रजी चांगलं कळतं. त्यांनी हातातलं माहितीपत्रक घडी करून काउंटरवर परत ठेवलं. तेव्हा आलेला राग पुढे सगळ्या प्रवासात माझ्याबरोबर राहिला, आणि हे लिहायलाही त्या रागामुळेच बसले आहे.

कारण हे त्या एका मुलाचं म्हणणं नाही. क्रूझवरच्या कुठल्याही कुटुंबाकडे बघा. पोहणारे पाण्यात, न पोहणारे छत्रीखाली, आणि त्यांच्या पायाशी सगळ्यांच्या पिशव्या, चपला, फोन, ओले टॉवेल. छत्रीखाली बहुतेक वेळा कुणाची तरी आई असते. इतके पैसे भरून, इतक्या लांब येऊन तिने कॅरिबियन समुद्र पाठमोऱ्या माणसांच्या फटीतून बघायचा. बंदरावरचा दिवस आखायला बसलात की सुरुवात न पोहणाऱ्या माणसापासून करा, बाकीच्यांचं आपोआप जमतं, हे माझं ठाम मत आहे.

आमचा मार्ग पश्चिम कॅरिबियनचा होता. थंडीच्या दिवसांत मायामीहून निघून ग्रँड केमन, रोआतान, बेलीझ, कोझुमेल आणि परत. कागदावर प्रत्येक बंदरात सात-आठ तास दिसतात, पण ते आपले नसतात. बोट लागल्यावर उतरायची परवानगी मिळेपर्यंत वेळ जातो, आणि सुटण्याच्या वेळेआधी अर्धा-एक तास सगळ्यांनी बोटीवर परतलेलं असावं लागतं. ग्रँड केमनच्या जॉर्ज टाउनला तर क्रूझसाठी धक्काच नाही. मोठी बोट समुद्रात नांगर टाकते आणि टेंडर म्हणजे लहान बोटी माणसं किनाऱ्यावर नेतात. धक्का बांधावा की नाही यावर तिथे एप्रिल २०२५ मध्ये सार्वमत झालं आणि लोकांनी नको म्हणून सांगितलं. टेंडरच्या रांगेत आमची सकाळ गेली तरी मी त्या लोकांच्या बाजूची आहे. धक्क्यासाठी खणलं की आजूबाजूच्या प्रवाळाचं काय होतं ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

घड्याळाचंही तसंच. थंडीत मायामी आणि कोझुमेलची वेळ एकच असते, कारण कोझुमेल ज्यात येतं त्या मेक्सिकोच्या किंताना रो राज्याने २०१५ मध्ये आपली वेळ बदलून घेतली. पण होंडुरासमधलं रोआतान एक तास मागे. आमची बोट स्वतःचं घड्याळ बदलत नव्हती, आणि किनाऱ्यावर उतरलं की फोन मात्र आपणहून बदलतो. फोनवर दोन वाजलेले दिसतात तेव्हा बोटीवर तीन झालेले असतात. बोटीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. आपापल्या वाटेने गेलेल्यांसाठी ती थांबेलच असं नाही, मग पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. म्हणून मी साधं काट्यांचं घड्याळ बोटीच्या वेळेला लावून मनगटावर बांधते आणि बंदरावर फोनकडे वेळेसाठी बघतच नाही.

ग्रँड केमनला नवऱ्याच्या मनात स्टिंगरे सिटी होती. न पोहणाऱ्यांसाठी सगळे हेच सुचवतात, आणि उथळ पाण्यापुरतं ते खरंही आहे. नॉर्थ साउंडमधल्या त्या वाळूच्या बांधावर पाणी कंबर-छातीइतकं आणि तळ मऊ. पूर्वी कोळी तिथल्या शांत पाण्यात मासे साफ करायचे, टाकलेल्या भागासाठी पाकट, म्हणजे स्टिंगरे, जमायला लागले आणि मग त्यांच्यामागे माणसं आली. पाकट एरवी रात्री भक्ष्य शोधतो. इथले पाकट पर्यटकांच्या वेळेप्रमाणे दिवसा जागायला शिकले आहेत. आम्ही गेलो त्या दिवशी बंदरात इतक्या क्रूझ बोटी होत्या की बांधावर पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसत होती. तिथला नियम असा की प्राण्याला पाण्याबाहेर काढायचं नाही. तरी आमच्या शेजारच्या बोटीचा गाइड एक पाकट दोन्ही हातांनी वर उचलून लोकांच्या तोंडासमोर धरत होता, चुंबन घ्या, सात वर्षं नशीब उघडेल म्हणत होता, आणि लोक रांग लावून उभे होते. आई लगेच बोटीची शिडी चढून वर आल्या. म्हणाल्या, "त्याला खाली सोडायला सांग त्यांना." मी सांगितलं. गाइड हसला आणि त्याने पाकट पुढच्या माणसाकडे नेला. त्या जागेबद्दल मला याहून चांगलं काही लिहिता येणार नाही. कुठल्या बंदरात कोणत्या दिवशी किती बोटी लागणार याची वेळापत्रकं आधीच मिळतात. जायचंच असेल तर ती बघून, एखादीच बोट असेल अशा दिवशी जा.

आता रोआतान. खरं तर मला लिहायचं होतं ते याच दिवसाबद्दल.

होंडुरासच्या बे आयलंड्समधलं हे सगळ्यात मोठं बेट. मेसोअमेरिकन प्रवाळरांग इथे किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफनंतर जगात आकाराने हिचाच नंबर लागतो. घरी नकाशे आणि फोटो बघताना मी एकच गोष्ट शोधत होते: प्रवाळ किनाऱ्यापासून चालत गाठता येईल, आणि तिथपर्यंत तळाशी वाळू असेल, अशी जागा. न पोहणारा माणूस घाबरला की पाय खाली टेकवतो, त्याला इलाज नाही. खाली वाळू असेल तर तो उभा राहतो आणि भीती जाते. खाली प्रवाळ असेल तर त्याचा पाय कापतो, शिवाय वाढायला कित्येक वर्षं लागलेलं काहीतरी त्याच्या पायाखाली मोडतं. बोटीतून खोल पाण्यात उतरवणाऱ्या सहली म्हणूनच बाद केल्या. पश्चिम टोकाला वेस्ट बेची पुळण आहे. तिच्या दक्षिणेकडच्या टोकाला, खडकांच्या बाजूला, हवी तशी जागा आहे. उतरलो ते थेट टॅक्सी करून तिथेच गेलो. टॅक्सीवाल्यांशी बोलताना भाव माणशी आहे की गाडीचा, एकेरी आहे की परतीसकट, हे बसण्याआधी स्पष्ट करून घ्या. आम्ही ते विचारलं आणि आकडा लगेच खाली आला.

पिशवी नेलीच नव्हती. बोटीचं कार्ड, ओळखपत्राची प्रत, थोड्या नोटा आणि आईंची बीपीची गोळी एवढंच एका पाणी न शिरणाऱ्या पाकिटात घालून माझ्या गळ्यात. टॉवेल आणि चपला वाळूत. चोरायला काही नसलं की राखण करायला कुणी बसावं लागत नाही. निघण्याआधी आईंनी डॉक्टरांना विचारलं होतं आणि स्नॉर्केलिंगचा, म्हणजे तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घेत खाली बघण्याचा, मास्क घरीच बघून घेतला होता. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा, हात काढल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. (नवऱ्याच्या मिशीमुळे त्याच्या मास्कमध्ये पाणी झिरपत राहतं, त्याला उपाय नाही.) बोटीवर संध्याकाळी केबिनमध्ये आई मास्क आणि नळी लावून पलंगावर बसायच्या आणि तोंडाने श्वास घ्यायची सवय करायच्या. पाण्यात दचकायला होतं ते बहुतेक त्या श्वासामुळे, म्हणून ती सवय कोरड्या जागी झालेली बरी.

लाइफ जॅकेटचंही सांगते. जाड फोमचं जॅकेट माणसाला उभं तरंगवतं, त्यामुळे तोंड पाण्यात घालून बघायला मान दुखेपर्यंत वाकावं लागतं. स्नॉर्केलिंगसाठी फुंकून फुगवायची पातळ जॅकेटं मिळतात. त्यात कमी हवा भरली की अंग आडवं राहतं. आईंसाठी तेच घेतलं होतं, आणि वर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा, म्हणजे सनस्क्रीन फासून ते प्रवाळावर धुवायला नको.

पाणी कंबरेपर्यंत आलं तिथे आम्ही थांबलो. आईंनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बोटांचे ठसे उमटले. तोंड पाण्यात घातलं, दचकून वर आल्या. मी काही बोलले नाही. नवराही बोलला नाही, हे महत्त्वाचं, कारण "अगं आई, सोपं आहे" एवढं एक वाक्य त्यांना परत छत्रीखाली पाठवायला पुरलं असतं. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, खडकांकडे बघत. मग आपणहून परत खाली गेल्या, आणि या वेळी खालीच राहिल्या. नळीतून श्वासाचा आवाज येत होता, आधी भरभर, मग हळूहळू एका लयीत. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे आमच्या पायांभोवती जमले होते. पंख्याच्या आकाराचे जांभळे प्रवाळ, सी फॅन, लाटेबरोबर सगळे एका बाजूला झुकत होते, मग सगळे दुसऱ्या बाजूला. कधी कळलं नाही, पण माझ्या मनगटावरची पकड सुटली होती. पाय तळावरून उचलले गेले होते आणि आई तरंगत होत्या.

मग त्या एकदम उभ्या राहिल्या, मास्क कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "अगं, खाली कुणीतरी सुपारी कातरतंय."

मी खाली तोंड घातलं. खरंच कट्-कट् आवाज येत होता. मी तो आधीही ऐकला असणार, पण त्याच्याकडे कान देऊन कधी थांबले नव्हते. खडकाशी पॅरटफिश होते, निळे-हिरवे, पुढच्या दातांची चोच झालेले. ते खडकावरचं शेवाळ खरवडतात, त्याबरोबर मेलेल्या प्रवाळाचे तुकडेही दळून गिळतात आणि नको तो भाग वाळू म्हणून मागे सोडतात. एक मोठा मासा वर्षभरात अशी कित्येक किलो वाळू करतो. हे सांगितल्यावर आईंनी आपल्या पायांखाली बघितलं. "म्हणजे ही?" म्हटलं, हीसुद्धा, बरीचशी. मग त्यांना दुसरं काहीच बघायचं नव्हतं. एका माशावर नजर ठेवून त्या त्याच्या वाळूची वाट बघत राहिल्या, आणि त्याच्या मागे पांढरा ढग सुटला तेव्हा पाण्याखालीच ओरडल्या. नळीतून तो आवाज बाहेर आला तसे शेजारचे दोघे-तिघे वळून आमच्याकडे बघायला लागले.

त्याच खडकावर पांढरे पडलेले प्रवाळही दिसले, त्यांचं सांगायलाच हवं. कठीण प्रवाळाच्या पेशी गळून पडतात असा एक रोग २०१४ मध्ये मायामीजवळ पहिल्यांदा दिसला. २०१८ मध्ये तो मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर पोचला, २०२० मध्ये रोआतानला. कोझुमेलला २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पालांकार, कोलंबिया, एल सिएलो या नावाजलेल्या जागा पर्यटकांसाठी काही काळ बंदच केल्या होत्या. आईंनी विचारलं, हे पांढरं सुंदर आहे का मेलेलं आहे. मेलेलं, म्हटलं. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

बेलीझला वारा होता, टेंडर लांबचं होतं, आम्ही बोटीवरच राहिलो.

कोझुमेलला नवरा सकाळीच पालांकारला ड्रिफ्ट स्नॉर्केलिंगला गेला. तिथला प्रवाह माणसाला वाहून नेतो आणि बोट मागून येते. पोहणाऱ्यांसाठी ते फार छान आहे, आणि त्याने त्याची हौस पूर्ण करून घ्यावी हेही बेतात होतंच. आईंना पुन्हा पाण्यात जायचं होतं म्हणून आम्ही दोघी चांकानाबला गेलो. पण तिथला काठ खडकाचा आहे. पायऱ्या उतरलं की लगेच पाणी खोल. आई कठडा धरून शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या, मास्क लावून खाली बघितलं, आणि वर येऊन म्हणाल्या, "इथे नाही." मला वाईट वाटलं नाही. कुठे उतरायचं आणि कुठे नाही हे आता त्यांना स्वतःला समजत होतं. टॅक्सी केली आणि सान हेर्वासिओला गेलो. इश्चेल या माया देवीचं हे ठाणं. चंद्राची आणि बाळंतपणाची देवी. मुख्य भूमीवरून होड्यांनी समुद्र ओलांडून बायका तिच्या दर्शनाला यायच्या. पडक्या चौथऱ्यांपेक्षा आईंना त्या होड्यांमध्ये जास्त रस होता: केवढ्या असायच्या, किती जणी बसायच्या, त्यांना पोहता येत असेल का. तिथल्या पाट्यांवर असलं काही लिहिलेलं नव्हतं. जुन्या दगडी वाटेवरून कमानीपर्यंत चाललो, घड्याळ बघितलं, परत फिरलो.

रात्री जेवणाच्या टेबलावर आईंनी जाहीर केलं की पुन्हा आलो तर रोआतान, आणि दिवसभर वेस्ट बे, मध्ये दुसरं काही घालायचं नाही. रोआतानला सर्वांत जास्त वेळ थांबणारी बोट कोणती, ते मी सध्या शोधते आहे. कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा.