कॅल्गरी ते रिजायना: ड्राफ्टआधी बेडार्डला बघायला जाताना

आधी रस्त्याचं सांगतो, कारण हॉकीवर बोलायला सगळे तयार असतात, रस्त्यावर कुणी बोलत नाही. फेब्रुवारी २०२३. कॉनर बेडार्ड हा आईस हॉकीचा तरुण खेळाडू तेव्हा रिजायना पॅट्स या ज्युनियर संघातून खेळत होता. ड्राफ्ट, म्हणजे एनएचएल या मोठ्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम, व्हायचा होता. त्याआधी त्याला बघायला मी गाडीने निघालो. कॅल्गरीतल्या आमच्या मराठी मंडळातल्या जाणकारांचा सल्ला असा होता: “हायवे नंबर एक, सरळसोट, चौपदरी, डुलकी लागेल इतका सोपा.” शेजारच्या सस्कॅचवान प्रांतातलं रिजायना साधारण ७६० किलोमीटर. मेडिसिन हॅटपर्यंत सल्ला खरा ठरला. स्विफ्ट करंटपर्यंतही चाललं. तिथून मूस जॉपर्यंतच्या पावणेदोनशे किलोमीटरबद्दल मात्र हे लोक एक अक्षर बोलले नव्हते.

बर्फ पडत नव्हता, वर आकाश निरभ्र होतं. पण दोन्ही बाजूंना सपाट शेतं, झाड नाही की टेकाड नाही, आणि वारा शेतातला सुटा बर्फ उचलून गुडघाभर उंचीवर रस्त्यावरून आडवा नेत होता. वर चांदण्या दिसतात आणि खाली पांढरी पट्टी दिसत नाही! त्याखाली डांबर घासून गुळगुळीत झालेलं. ११०ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मी ५०ने चाललो होतो आणि मागून ट्रक अंगावर येत होते. चॅपलिनजवळ सोडियम सल्फेटचा कारखाना आहे, त्याचे दिवे दिसले तेव्हा कुठे आपण अजून रस्त्यावर आहोत याची खात्री पटली.

तेव्हा: अंधार पडल्यावर हा पट्टा घ्यायचा नाही. निघण्याआधी सस्कॅचवानची हायवे हॉटलाइन (रस्त्यांची ताजी स्थिती सांगणारी सेवा) बघायची. तिथे ‘प्रवास टाळा’ म्हटलं असेल तर स्विफ्ट करंटलाच मुक्काम. क्रूझ कंट्रोल बंद. हिवाळी टायर आणि ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन गरम ठेवणारा, विजेवर चालणारा) असणारच असं धरून चालतो. पण मॉटेल ठरवताना गाडीजवळ प्लग आहे का आणि तो चालू आहे का, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. माझ्या मॉटेलात प्लग होता, वीज नव्हती, आणि पार्किंगचे पैसे वेगळे लावले ते लावलेच.

आणखी एक सापळा घड्याळाचा. सस्कॅचवान वर्षभर घड्याळ हलवत नाही, त्यामुळे हिवाळ्यात ते अल्बर्टाच्या, म्हणजे कॅल्गरीच्या प्रांताच्या, एक तास पुढे असतं. तिथला सातचा सामना म्हणजे आपले सहा. पहिला पिरियड (सामन्याच्या तीन भागांपैकी पहिला) चुकवायचा नसेल तर आदल्या दिवशीच पोचा.

आता तिकीट. कॉनर बेडार्डच्या त्या हंगामात ब्रँट सेंटरची, म्हणजे पॅट्सच्या घरच्या रिंकची, तिकिटं सरळ मार्गाने मिळणं कठीणच होतं. पुनर्विक्रीच्या एका साइटवर मी छापील किमतीच्या चौपट मोजले, तेही रिंकभोवतीच्या काचेला लागून असलेल्या जागेसाठी. शुद्ध लूट, आणि वर जागा निरुपयोगी. काचेजवळून तुम्हाला वेग कळतो, आवाज कळतो, पण पाच जणांची रचना दिसत नाही. दुसऱ्या पिरियडला मी उठून सर्वांत वरच्या रांगेमागे, कोपऱ्यात उभा राहिलो. हातात कागद घेतलेले दोन-तीन म्हातारे तिथे आधीच होते. स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू पारखणारी मंडळी, तिथेच सापडतात.

पोराचा फटका तुम्ही व्हिडिओत पाहिलाच असेल: पक (खेळाची रबरी चकती) स्टिकच्या टोकाने आत ओढतो, कोन बदलतो आणि गोलरक्षकाला कळायच्या आत सोडतो. सरावातही तेच करायचा, म्हणून वॉर्म-अप चुकवण्यासारखा नव्हता. पण त्यासाठी एवढं लांब जायची गरज नव्हती. जायचं होतं ते कॅमेरा दाखवत नाही ते बघायला, म्हणजे पक त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते. मला दिसलं ते असं: मागून येऊन दुसऱ्याच्या स्टिकवरचा पक उचलण्यात तो फटक्याइतकाच तरबेज आहे. बचाव करताना मात्र बराच वेळ स्वतःच्या गोलपासून लांब रेंगाळत होता, आणि शिफ्ट (बर्फावरची एक पाळी) लांबली की परतताना पाय जड. उंची पाच फूट दहा, तिची चिंता नको, खांदे भक्कम आहेत.

माझा अभिप्राय कागदावर असा होता: पहिला क्रमांक, प्रश्नच नाही, पण सेंटर (मधला आक्रमक) म्हणून लगेच नाही. पुढे शिकागोने त्याला पहिला निवडला आणि पहिल्या एनएचएल हंगामात त्याने फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू होतानाची झटापट, जी मुख्यतः सेंटरचं काम) चाळीस टक्क्यांहूनही कमी जिंकले. ६८ सामन्यांत ६१ गुण करून काल्डर ट्रॉफीही (सर्वोत्तम नवोदिताची) नेली, तेही मान्य.

खरी गोष्ट मला त्या कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने सांगितली. घरच्या संघाला खेळाडू बदलण्याची शेवटची संधी असते. म्हणजे रिजायनात पॅट्सचा कोच बेडार्डला हवा तेव्हा समोरच्या कमजोर बचाव-जोडीवर सोडू शकत होता. पाहुणा म्हणून गेल्यावर समोरचा कोच आपले सर्वांत चिवट बचावपटू त्याच्या मागे लावू शकत होता. पारख करायची तर तिथे. “घरच्या रिंकवर बघ, माहोल असतो” असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. माहोल होता हो, परीक्षा नव्हती.

दुसऱ्या दिवशी रिजायनात हिंडलो, वास्काना तळं गोठलेलं, ऊन छान.

पुढच्या ड्राफ्टमधल्या पोरांना बघायला जाणाऱ्यांनी आधी वेळापत्रकात तो मुलगा मेडिसिन हॅटला कधी येतो ते शोधावं. कॅल्गरीपासून ३०० किलोमीटरच्या आत, अल्बर्टाचंच घड्याळ, आणि तो भयानक पट्टा लागतच नाही. पाहुणा संघ, म्हणजे त्या मुलाचा, रिंकच्या एकाच टोकाला पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही पिरियडला हल्ला करतो. ते टोक कोणतं हे तिथल्या नेहमीच्या प्रेक्षकाला विचारून त्या बाजूच्या कोपऱ्यातली, वरची, स्वस्तातली जागा घ्या.