‘फाइल पाठवतो, आधी पैसे टाका’

गेल्या महिन्यात सांगलीतलं माझं दुरुस्तीचं दुकान बंद करायच्या वेळी कुपवाडचा एक पोरगा आला. बारावीला असेल. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला निन्टेन्डो स्विच, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं मशिन, काढून काउंटरवर ठेवला. "काका, जेलब्रेक होतंय का एवढं बघा की. पैसे भरून झाल्यात."

जेलब्रेक म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून मशिनात बाहेरचे प्रोग्रॅम चालवणं. त्याची फाइल पाठवणाऱ्याला किती भरले विचारलं. आधी ९००. मग पासवर्डचे ७००. मग "तुमचं मॉडेल वेगळं आहे" म्हणून आणखी ८००. लग्नाच्या जेवणावळीत वाढप्याचं काम करून त्यानं साठवलेले २४०० रुपये. त्या बदल्यात मोबाईलवर एक झिप फाइल आली, ती पासवर्ड मागत होती. पासवर्डसाठी उघडलेलं पान आधी दोन ॲप टाका म्हणत होतं. पोरानं तेही केलं. पुढं पैसे घेणाऱ्यानं त्याला ब्लॉक केलं.

हरभट रोडच्या मागच्या गल्लीत मी २० वर्षं टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि गेमची मशिनं दुरुस्त करतोय. चोरीचे गेम भरून द्यायचं काम मी घेत नाही, पण मशिन आतून कसं उघडतात हे कळावं म्हणून रात्री जागून वाचत आलोय. स्विच उलटा केला, चार्जिंगच्या भोकाशेजारचा सीरियल नंबर भिंगातून वाचला आणि तिथंच कळलं. हा नंतरच्या खेपेतला होता. याला फायलीनं काही होणार नव्हतं.

का, ते नीट सांगतो, कारण सगळी मेख इथंच आहे. स्विच मार्च २०१७ मध्ये बाजारात आला. त्यात एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ चिप आहे. मशिन चालू केलं की ही चिप सगळ्यात आधी स्वतःच्या पोटातला एक छोटा प्रोग्रॅम वाचते. त्याला बूटरॉम म्हणतात. तो कारखान्यातच चिपमध्ये पक्का बसवलेला असतो, घरी अपडेट टाकून बदलत नाही. त्या प्रोग्रॅममध्ये यूएसबीवरून येणाऱ्या एका मागणीची लांबी तपासायची राहून गेली होती. लांबी जास्त सांगितली की माहिती ठरलेल्या जागेच्या बाहेर सांडते, आणि त्या सांडण्यातून बाहेरचा कोड चालवता येतो. केट टेमकिन या सुरक्षा संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०१८ मध्ये ही फट जगापुढं मांडली. उजवा जॉयकॉन, म्हणजे बाजूला अडकवायचा कंट्रोलर, बसतो त्या खाचेतल्या पिना जोडणारा नखाएवढा तुकडा आणि एक यूएसबी केबल, एवढ्यावर काम व्हायचं. विकून गेलेल्या मशिनांत कंपनीला ही फट बुजवता येईना. मग त्याच वर्षी कारखान्यातून निघणाऱ्या नव्या मशिनांत ती बुजवली. पोराच्या हातातलं मशिन त्या नव्यांतलं. त्यात शिरायचं तर सूक्ष्मदर्शकाखाली बोर्डावर चिप सोल्डर करावी लागते. दूर बसून फाइल पाठवणारा तो करूच शकत नाही.

आणि जुनं मशिन असतं तरी असं उघडलेल्या स्विचवर टाकायचं ॲटमॉस्फिअर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यासाठी दमडी मोजावी लागत नाही. निन्टेन्डोच्याच वी या जुन्या मशिनासाठी ज्यांनी असं काम केलं, त्यांनी तर पडद्यावरच ठळक लिहून ठेवलं होतं: यासाठी पैसे दिले असतील तर तुम्हाला फसवलंय, पैसे परत मागा. हे वाचलं तेव्हा मला त्या अनोळखी माणसांबद्दल फार आदर वाटला.

खरं हॅकिंग नेहमी एका ठरावीक चुकीवर उभं असतं. प्लेस्टेशन ३ चंच घ्या. प्रोग्रॅम आपलाच आहे हे मशिनाला पटावं म्हणून सोनी त्यावर डिजिटल सही करते. त्या सहीसाठी दर वेळी नवा यादृच्छिक आकडा लागतो, आणि त्यांनी एकच आकडा पुन्हा पुन्हा वापरला. दोन सह्या शेजारी ठेवल्या की शाळेतल्या बीजगणितानं गुप्त किल्ली बाहेर येते. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या हॅकरांच्या परिषदेत ते दाखवलं गेलं. ती चूक त्या मशिनाची, दुसऱ्याला तिचा उपयोग नाही. म्हणून कुणी "सगळी मॉडेलं, सगळी व्हर्जनं, गॅरंटी" म्हणाला की मी पुढं ऐकतच नाही.

मला स्वतःला ही फसवणूक पहिल्यांदा कळली सातवीत. टीव्ही गेमची पिवळी कॅसेट, वर ‘९९९९ इन १’. यादी संपता संपेना, पण आत तेच दहा-बारा गेम फिरून फिरून यायचे, फक्त कुठं तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठं नाव बदललेलं. फुंकर मारून मारून एकदा ती उघडलीच. हिरव्या पट्टीवर डांबरासारखा एक काळा थेंब, बाकी पोकळ. त्या दिवशी रडलो होतो. पण तो थेंब काय आहे हे विचारत विचारतच मी या धंद्यात आलो.

पोराला ओरडलो नाही. त्याच्या मोबाईलमधली ती दोन्ही ॲप काढली, पासवर्ड आणि यूपीआयचा पिन बदलायला लावला. तिन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट घेतले, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला आणि तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. वडिलांना सांगायला तो घाबरत होता, म्हणून मीच बोललो त्यांच्याशी.

रविवारी तो परत आला. डाव्या जॉयकॉनच्या काडीला, म्हणजे जॉयस्टिकला, हात न लावताही पडद्यावरचा ठिपका सरकत होता. मी त्यालाच बसवलं. तीन पात्यांच्या स्क्रूड्रायव्हरनं मागचे चार स्क्रू, मग बॅटरी, मग काडीची केसासारखी पातळ पट्टी. तिची कुंडी चिमट्यानं उचलताना त्याचा हात थरथरला. "ओढू नको, वर उचल," म्हटलं. नवीन काडी बसवली, झाकण लावलं, सेटिंगमध्ये तपासलं. ठिपका मधोमध थांबला होता. पोरानं हात मागं घेतला आणि बराच वेळ तो ठिपका बघत राहिला.