तुम्ही विचारलंत म्हणून: रेंजची नोटीस लागली म्हणजे जमीन जाणार का?

मला बाजारात विचारतात, कोर्टाच्या आवारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली मावशी विचारते. "ताई, चावडीवर रेंजची नोटीस लागलीय, आपला गट नंबर आहे त्यात, रान जाणार का ओ आता?" मी राहुरीला वकिली करते आणि माहेर पारनेरच्या डोंगराकडचं, त्यामुळे के. के. रेंजच्या, म्हणजे सैन्याच्या तोफांच्या सरावाच्या जागेच्या, दोन्ही अंगाचे लोक ओळखीचे आणि दोन्हीकडचा प्रश्न हाच. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून अर्धवट राहतं म्हणून इथे सगळं एका जागी लिहिते.

आधी उत्तर देते, मग कारण. फायरिंगच्या नोटिशीनं जमीन जात नाही. सातबाऱ्यावरचं तुमचं नाव तसंच राहतं. जमीन घ्यायचीच असेल तर सरकारला दुसरा कायदा वापरावा लागतो आणि त्याची नोटीस पूर्ण वेगळी असते. पण "जात नाही ना, मग सोडा" असं म्हणून तो कागद घडी घालून फळीवर ठेवू नका, कारण तुमचा पैसा आणि तुमचा जीव दोन्ही त्या कागदातल्या तारखांशी बांधलेलं आहे.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाडा दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचंही आहे, आणि त्यांच्या तोफांचा सराव चालतो तो खारेकर्जुन्याजवळच्या के. के. रेंजवर. नगर, राहुरी आणि पारनेर या तीन तालुक्यांतली गावं या रेंजच्या आसपास येतात, ढवळपुरी, वनकुटे, बारागाव नांदूर, वावरथ, जांभळी वगैरे. यातल्या बऱ्याच घरांनी आधी मुळा धरणात जमीन दिलीय, मग राहुरीच्या कृषी विद्यापीठासाठी दिलीय. ज्याच्या आजोबाची जमीन पाण्याखाली गेली आणि बापाची विद्यापीठात गेली त्याच्या हातात 'संरक्षण' आणि 'अधिसूचना' असे शब्द असलेला कागद पडला की त्याच्या पोटात गोळा येणारच, त्याला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. २०२० मध्ये भूसंपादनाची बातमी पसरली तेव्हा तर गावंच्या गावं झोपली नव्हती, तो विषय पार दिल्लीपर्यंत गेला, शरद पवार संरक्षणमंत्री राजनाथ सिंहांना जाऊन भेटले.

आता मुद्द्याचं. नोटीस हातात आली की गट नंबर शोधू नका, तो नंतर. सगळ्यात आधी वरची ओळ वाचा जिथे लिहिलेलं असतं की अमुक कायदा, अमुक साल, अमुक कलम 'अन्वये'. लोक ती ओळ सोडून थेट यादीत आपलं गाव बघतात आणि तिथेच घाबरतात. त्या ओळीतलं कायद्याचं साल बघितलं तरी अर्धी भीती जाते.

साल १९३८ असेल तर तो सरावाचा कायदा. पूर्ण नाव मनुव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट, इंग्रजांच्या काळातला आहे आणि अजून चालू आहे. या कायद्यानं सैन्याला तुमच्या जमिनीची मालकी मिळत नाही, ठरलेल्या काळात तिथे सराव करायची परवानगी मिळते. आणि ही परवानगी देणारं असतं राज्य सरकार. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्यातलं कलम ९ आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्यात दोन पायऱ्या आहेत ज्या लोक एक समजतात. पहिली पायरी म्हणजे मोठी अधिसूचना, ती सांगते की अमुक गावांचा हा भाग पुढची इतकी वर्षं सरावासाठी ठरवला आहे. हिच्यात गावांची नावं असतात, गट नंबर असतात, ही आली की व्हॉट्सॲपवर फिरते, पुढारी बोलतात, पेपरात येतं. दुसरी पायरी म्हणजे त्या ठरलेल्या भागात प्रत्यक्ष अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गोळीबार होणार, ही परवानगी. त्यावरून तहसीलमधून गावात जी नोटीस येते ती साधी एकपानी असते, तारखा, वेळा, कुठला भाग धोक्याचा आणि माणसं-जनावरं कुठून हलवायची. ही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि दोन दिवसांत तिच्यावर दुसरं काहीतरी चिकटतं.

माझं एवढ्या वर्षांचं म्हणणं हेच आहे की आपले लोक मोठ्या नोटिशीला घाबरतात आणि छोटीकडे बघतसुद्धा नाहीत, आणि खरं तर नुकसानभरपाईचा हक्क सगळा त्या छोट्या नोटिशीवर उभा राहतो. अमुक दिवशी अमुक वेळेत तुम्हाला शेतात जायला मनाई होती हे तुम्ही कशावरून सांगणार? तिच्यावरूनच ना. म्हणून ती लागली की त्याच दिवशी मोबाईलमध्ये फोटो काढा, तारीख, सही, जावक क्रमांक सगळं दिसेल असा, अर्धं पान नको.

भरपाई कशाकशाची मिळते हे विचारतात. गोळा पडून पीक जळालं, बांध फुटला, जनावर मेलं, हे तर लोकांना माहीत असतं. पण कायद्यात त्याच्याही पुढचं आहे. धोक्याच्या भागातून तुम्हाला बाहेर काढलं आणि त्यामुळे तुमचा रोजगार बुडाला, किंवा पिकाकडे जाता आलं नाही म्हणून पीक खराब झालं, तर तेही भरपाईत धरायचं आहे. माणसं-जनावरं आणि मालमत्ता सांभाळायला जो वाजवी खर्च येतो तोही. म्हणजे कांदा काढणीला आलाय, चार दिवस रानात जायला बंदी, पाचव्या दिवशी पाऊस, आणि कांदा सडला, तर 'गोळा तर पडला नाही तुमच्या रानात' हे उत्तर पुरेसं नाही. मेंढरं घेऊन दुसऱ्या डोंगराला जावं लागलं आणि तिथे चराईचे पैसे मोजावे लागले तर ते पैसे मागायचे. हे मी ज्यांना ज्यांना सांगते त्यातल्या बहुतेकांनी हे पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. एक आजोबा होते, दरवर्षी बाजरी राखायला माणूस मिळायचा नाही म्हणून नुकसान सोसायचे, त्यांनी कधी अर्जच केला नव्हता कारण त्यांना वाटायचं की देशाच्या कामात पैसे मागणं बरं नाही. त्यांना मी एवढंच म्हटलं, आण्णा, हे पैसे देशानंच द्यायचे ठरवलेत, संरक्षण खात्याच्या खर्चातून, तुम्ही भीक मागत नाही. मग त्यांनी अर्ज केला.

पद्धत अशी की महसूल खात्याचा अधिकारी जागेवर येऊन नुकसान बघतो आणि रक्कम ठरवतो. ती पटली नाही तर अपील आहे, त्यासाठी जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेलं एक मंडळ असतं ज्यात सैन्याचा माणूसही असतो आणि स्थानिक प्रतिनिधीही. या दाव्याला आणि अपिलाला फी नाही, कोणी मागितली तर पावती मागा. मुदत मात्र थोड्याच दिवसांची असते, नंतर बघू म्हटलं की गेलं.

आणि पुरावा. आता सगळ्यात मोठी अडचण ई-पीक पाहणीची होते. रानात कांदा उभा असतो आणि सातबाऱ्यावर मागच्या सालची ज्वारी किंवा नुसतं पडीक, कारण ॲपवर नोंदच केली नाही, डोंगरात रेंज नाही (मोबाईलची म्हणते), पोरगं पुण्याला, म्हातारा-म्हातारी घरी, कोण करणार. पण पंचनाम्याला आलेला माणूस कागद बघणार. तेव्हा ज्यांचे गट रेंजच्या यादीत आहेत त्यांनी तरी पीक पाहणी चुकवू नका, बाकी काही नाही केलं तरी एवढं कराच, शेजारच्या पोराकडून करून घ्या. पंचनाम्यावर सही करताना आधी वाचून घ्या, क्षेत्र आणि पीक बरोबर लिहिलंय का बघा, आणि एक प्रत मागून घ्या.

न फुटलेल्या गोळ्याचं वेगळं सांगते कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. भंगाराच्या पैशासाठी गोळे उचलताना, फोडताना आपल्या भागातली माणसं गेली आहेत, पोरं गेली आहेत. रानात काही लोखंड दिसलं तर हात लावू नका, त्याच्याजवळ दगड रचून खूण करायच्या भानगडीतही पडू नका, लांब व्हा, पोलीस पाटलाला सांगा किंवा ११२ ला फोन करा. नांगरताना लागलं तर ट्रॅक्टर तिथेच बंद करून चालत मागे या.

आता ज्या नोटिशीला खरंच दचकायला पाहिजे ती. वरच्या ओळीत साल २०१३ असेल, भूसंपादन, पुनर्वसन वगैरे लांबलचक नाव असेल आणि कलम ११ लिहिलं असेल तर ती जमीन घेण्याची प्राथमिक अधिसूचना. त्यानंतर त्या गटाचे खरेदी-विक्रीचे व्यवहार थांबतात. हरकत घ्यायला कलम १५ खाली ६० दिवस मिळतात आणि ती लेखी घ्यायची, मोर्चात घोषणा दिली म्हणजे हरकत नोंदली गेली असं होत नाही. मोबदला बाजारभावावर, ग्रामीण भागात त्याला गुणांक (म्हणजे तो भाव ठरलेल्या आकड्यानं गुणायचा), आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम असा हिशोब असतो. संरक्षणासाठी तातडीचं कलमही या कायद्यात आहे, ते वापरलं तर वेळ फार कमी मिळतो, म्हणून अशी नोटीस दिसली की त्याच आठवड्यात वकील गाठा, मीच पाहिजे असं नाही, कुठलाही जाणता माणूस चालेल.

आणि साल १९०३ असेल तर तो वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट. आमच्याकडे त्याचा संबंध कमी, पण आपली निम्मी पोरं पिंपरी-चिंचवडला आहेत म्हणून सांगते. दारूगोळ्याच्या कोठारासारख्या ठिकाणाभोवती बांधकामाला बंदी घालणारा हा कायदा, देहूरोडच्या आसपास लोक ज्याला रेड झोन म्हणतात तो यातलाच, तिथला कोठाराभोवतीच्या २००० यार्डांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. इथेही जमीन तुमचीच राहते, पण घर बांधता येत नाही. तळवडे, रुपीनगर, किवळे या बाजूला स्वस्तात गुंठा मिळतोय म्हणून कोणी फोन केला तर मी आधी विचारते की रेड झोनचा नकाशा बघितला का. एजंट सांगतो होईल सगळं रेग्युलर. त्याच्या शब्दावर आयुष्याची कमाई घालू नका.

काही जण मला विचारतात की तुम्ही सैन्याच्या बाजूच्या की शेतकऱ्याच्या. माझा चुलतभाऊ फौजेत आहे, गावात दर दोन घरांआड एक तरी फौजी आहे, सराव कशासाठी लागतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आणि म्हणूनच मला वाटतं की ज्याच्या रानाशेजारी हा सराव होतो त्याला त्याचा कागद त्याच्या भाषेत कळला पाहिजे. मराठीत नोटीस येते हो, पण 'उपरोक्त परिसीमित क्षेत्रात प्रवेश निषिद्ध करण्यात येत असून' हे वाचून वनकुट्याच्या मावशीला काय कळणार? 'सोमवार ते गुरुवार सकाळी सहा ते दुपारी दोन, ओढ्याच्या पलीकडे जाऊ नका, जनावरं नेऊ नका, नुकसान झालं तर तलाठ्याकडे अर्ज द्या' असं लिहिलं तर कुठला कायदा मोडतो? मी तर आता नोटीस आली की असं चार ओळीत लिहून, रेकॉर्ड करून गावच्या ग्रुपवर टाकते, कारण ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ते वाचत नाहीत, ऐकतात.

शेवटचा प्रश्न, जो ढवळपुरीच्या एका पोरानं विचारला आणि मला फार आवडला. ही मोठी अधिसूचना संपते का कधी? संपते. ती ठराविक वर्षांसाठीच असते, मुदत संपली की राज्य सरकारला नव्यानं काढावी लागते. झारखंडात नेतरहाटची फील्ड फायरिंग रेंज १९६४ पासून चालू होती, तिथल्या आदिवासींनी १९९४ च्या मार्चमध्ये सैन्याच्या गाड्या अडवल्या आणि पुढे वर्षानुवर्षं शांतपणे आंदोलन चालू ठेवलं. ११ मे २०२२ ला मुदत संपली आणि राज्य सरकारनं ती पुढे वाढवली नाही. आपल्याकडेही तसंच व्हावं असं मी म्हणत नाहीये, रणगाड्यांना दुसरी जागा कुठली हे मला सांगता येणार नाही. पण मुदत संपायच्या आधीचं एक वर्ष हा गावानं बोलायचा काळ आहे, ग्रामसभेत ठराव घेऊन. ठरावात नुसता विरोध किंवा नुसता पाठिंबा लिहून भागत नाही. काढणीच्या दिवसांत फायरिंग नको, नोटीस किती दिवस आधी मिळावी, मेंढरांना कुठला रस्ता मोकळा ठेवायचा, भरपाईचे दर कधी बदलले आणि कधी बदलणार, हे गट नंबर टाकून लिहायचं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून पोच घ्यायची. आपल्या गावच्या अधिसूचनेची मुदत कुठल्या तारखेला संपते ते ग्रामसेवकाला आजच विचारा, तारीख कळली की मला पाठवा, ठरावाचा कच्चा मसुदा मी लिहून देते.